जेवण त्यांचं, बिल कोणाचं?



आजचा विषय वाचून काही जणी नाक मुरडतील. स्टेकहाऊस. तरीही शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय आता अमेरिकेतल्या मुलांपुरता राहिलेला नाही, आपल्या रोह्या-पेणच्या घरांत येऊन बसलाय.

माझी भाची रोह्याला असते आणि धाटावच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघते. परदेशातून माल घेणारे लोक वर्षातून एक-दोनदा येतात. कारखाना बघतात, मग मुंबईला मुक्काम करतात आणि रात्री त्यांना जेवायला न्यायचं असतं. या वेळी पाहुण्यांनी स्वतःच पंचतारांकित हॉटेलातलं स्टेकहाऊस सुचवलं. साहेबांनी भाचीला सांगितलं, करार तू जुळवलास, तूच चल. ती घरी आली आणि तिथून वादाला तोंड फुटलं. वहिनी म्हणाली, नोकरी गेली तरी चालेल पण तिथे पाऊल टाकायचं नाही. माझा भाऊ म्हणाला, जा, काही खाऊ नकोस, उपास आहे म्हणून सांग. आमच्या सामायिक मंडळात विषय निघाला तेव्हा तर चार जणींची पाच मतं झाली.

माझं मत मी तिथेही सांगितलं, इथेही सांगते. तिने जावं. खोटं बोलू नये. आणि बिलावर तिची सही नसावी. माझ्या मते या तिघांत सही सगळ्यात महत्त्वाची, आणि मंडळात तिच्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

आधी हे ठिकाण असतं तरी कसं ते सांगते, कारण अर्धा वाद न बघितलेल्या गोष्टीवरच चालतो. स्टेक म्हणजे जनावराच्या मांसाचा जाड आडवा काप, विस्तवावर किंवा तव्यावर भाजलेला. पाश्चात्त्य देशांत तो गोमांसाचा असतो. जुन्या पद्धतीच्या महागड्या स्टेकहाऊसमध्ये गडद लाकडाच्या भिंती, चामड्याच्या खुर्च्या, पांढरे टेबलक्लॉथ आणि मंद दिवे असतात. मांस थंड खोलीत तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त मुरवत ठेवतात, त्यातलं पाणी उडून वजन कमी होतं, म्हणून भाव आणखी वाढतो. (कॉमर्स शिकलेल्या बाईला हे लगेच कळतं, घट धरूनच विक्रीची किंमत लावायची.) ताटात फक्त तो काप येतो. भाजी, बटाटा, सॅलड सगळं वेगळं मागवायचं आणि त्याचे वेगळे पैसे.

मुंबईत मात्र एक फरक आहे. महाराष्ट्राचा पशुसंरक्षणाचा कायदा १९७६ चा. त्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस आणि रेडा त्यातून बाहेर राहिले. त्यामुळे मुंबईत ‘टेंडरलॉइन’ असं भारी नाव लावून जे ताटात येतं ते बहुतेक म्हशीचं किंवा रेड्याचं असतं. या म्हशीकडे मी पुढे परत येणार आहे.

आता मुलींनी तिथे जावंच कशाला, हा वहिनीचा प्रश्न. इथे थोडा इतिहास कामाला येतो. स्टेकहाऊस हे सुरुवातीपासून पुरुषांचं आणि व्यवहाराचं ठिकाण. न्यूयॉर्कमध्ये ‘कीन्स’ नावाचं १८८५ पासूनचं चॉपहाऊस आहे. तिथे बायकांना प्रवेशच नव्हता. लिली लँगट्री या नटीला त्यांनी आत घेतलं नाही, तेव्हा तिने १९०५ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं आणि जिंकली. तिला मटण खायचं होतं की नव्हतं हा प्रश्न नव्हता. सौदे, ओळखी, बढत्या त्या टेबलावर ठरत होत्या आणि तिला दाराबाहेर ठेवलं जात होतं. आज आपल्या मुलीला कोणी दाराबाहेर ठेवत नाही. आपणच तिला ठेवतोय. करार तिने जुळवला आणि जेवायला तिच्या जागी दुसरा गेला, की पुढच्या वर्षी पाहुणे त्यालाच फोन करणार. हे मी पेणच्या आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून चाळीस वर्षं बघितलंय. माल कोणी दिला हे गिऱ्हाईक विसरतं, चहा कोणी पाजला ते लक्षात ठेवतं.

पण जाऊन खायचं काय? एका अमेरिकन स्टेकहाऊसचा मेनू भाचीने मला फोनवर दाखवला आणि मला हसूच आलं. शाकाहारी म्हणून जे चार पदार्थ होते ते असे: भाजलेला अख्खा बटाटा, तळलेल्या कांद्याच्या चकत्या, लोण्यातले मश्रूम आणि लसूण घातलेला पालक. शाकाहारी माणसाची सोय झाली असती, पण आपल्याला वर्ज्य तेवढंच नेमकं निवडून ठेवल्यासारखं! उरलं काय, तर वाफवलेली ब्रोकोली, अ‍ॅस्परॅगस आणि सॅलडची पानं.

जे शाकाहारी दिसतं तेही तसं असेलच असं नाही. फ्रेंच ओनियन सूप हे नाव कांद्याचं, पण जुन्या पद्धतीत ते गोमांसाच्या अर्कात शिजवतात. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाची छोटी मासळी असते, वूस्टरशायर सॉसमध्येही तीच. परमेसान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पाकिटावर हिरवा ठिपका बघायची आपल्याला सवय झाली आहे, पण हॉटेलच्या ताटावर तो ठिपका नसतो. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये तळणीसाठी वनस्पती तेल वापरायला सुरुवात केल्याचं जाहीर केलं, आणि तिथले आपले लोक निर्धास्तपणे फ्रेंच फ्राइज खात राहिले. त्यात गोमांसाचा अर्क चवीसाठी घालतात हे पुढे उघड झालं. २००१ मध्ये खटला झाला आणि २००२ मध्ये कंपनीने माफी मागून १ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. म्हणून तोंड उघडून विचारायला हवं. सगळ्यांसमोर विचारायला हवं, आणि त्याचीच आपल्या मुलींना लाज वाटते.

या लाजेवरून मला गांधीजींची गोष्ट आठवते. त्यांनी ती आत्मकथेत लिहिली आहे. १८८८ मध्ये विलायतेला जाण्याआधी आईची समजूत पटावी म्हणून त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती कोणी दिली? बेचरजी स्वामींनी. मूळचे मोढ वाणी, मग जैन साधू झालेले. म्हणजे त्या पच्चक्खाणाला आपल्याच घरचा वास आहे. लंडनला एका मित्राने त्यांना होबर्न रेस्टॉरंट या मोठ्या, झगमगीत हॉटेलात नेलं. मित्राचा बेत असा की इतक्या लोकांत हा भिडेपोटी काही विचारणार नाही आणि मुकाट खाईल. सूप आलं. गांधीजींनी वेटरला खूण केली. सूप भाज्यांचं आहे का एवढंच त्यांना विचारायचं होतं. मित्र संतापला, तुला चारचौघांत वागता येत नाही म्हणाला आणि बाहेर जायला सांगितलं. गांधीजी आनंदाने उठून गेले. जवळचं शाकाहारी हॉटेल बंद होतं, तर त्या रात्री उपाशी राहिले. पण नंतर त्याच मित्राबरोबर ठरल्याप्रमाणे नाटकाला गेले, आणि दोघांची मैत्री काही तुटली नाही.

मला यातलं नाटकाला जाणं सगळ्यात आवडतं. ते रुसले नाहीत. आत जायला नकार दिला नव्हता, खोटं कारण सांगितलं नव्हतं, आणि मित्राच्या ताटाबद्दल भाषणही केलं नव्हतं. फक्त प्रश्न विचारला.

आणि आपले वीरचंद राघवजी गांधी? १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला आचार्य आत्मारामजी महाराजांना बोलावणं होतं. साधूंच्या आचाराला समुद्रप्रवास चालत नाही, म्हणून त्यांनी या २९ वर्षांच्या श्रावकाला तयार करून पाठवलं. दोनच वर्षं आधी सम्मेतशिखरच्या डोंगरावर एका इंग्रजाने डुकरांच्या चरबीचा कारखाना काढला होता, तेव्हा वीरचंदभाई कलकत्त्याला जाऊन राहिले, बंगाली शिकले, कागदपत्रं काढली आणि तो कारखाना बंद पाडला. असा माणूस गेला कुठे, तर शिकागोला, जिथे अमेरिकेतला सगळ्यात मोठा जनावरांचा बाजार होता आणि कत्तलखाने रात्रंदिवस चालत. तिथे राहून, तिथल्या लोकांत मिसळून, आपला आहार सांभाळून त्यांनी आपला धर्म समजावून सांगितला. परत आल्यावर आपल्याच काही लोकांनी त्यांना परदेशी गेल्याबद्दल नावं ठेवली. नावं ठेवणारे कोण होते ते आज आठवतं का कोणाला?

पण एवढं लांब तरी कशाला जायचं. पेण-रोह्यात आपण राहतो ते मासळी खाणाऱ्यांच्या शेजारीच. बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीचा वास आपल्या गल्लीत येतो आणि कोळणीच शेंगा-भाजी विकणारीच्या शेजारी बसलेली असते. थंडीत पोपटी लागते. वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. बहुतेकांच्या मडक्यात कोंबडी आणि अंडीही असतात. आमचे शेजारी आगरी. ते आमचं मडकं वेगळं लावतात, नुसत्या शेंगांचं, बटाटाही न घालता. आणि माझा चौविहार त्यांना ठाऊक, म्हणून आमचं मडकं दिवस मावळायच्या आत फोडतात, त्यांचं नंतर रात्री. मी ते कधी मागितलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या अंगणात बसायला कधी नाही म्हटलं नाही, त्यातून ते आपोआप आलं. त्या बसल्या नसत्या तर आमच्यासाठी वेगळं मडकं असतं, हे त्यांना तरी कसं सुचलं असतं? (शेतात जाळ करणं हेच मुळात आपल्यात बसतं का, असं आमच्या धाकट्या जाऊबाई विचारतात. विचारणं बरोबर आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पोपटीत आणि स्टेकहाऊसमध्ये फरक एकच, पण मोठा. पोपटीत आमच्या शेंगा आम्ही आणतो, त्यांची कोंबडी ते आणतात. स्टेकहाऊसमध्ये शेवटी एक काळं पाकीट येतं आणि त्यात सगळ्यांचं मिळून एकच बिल असतं.

आता माझा खरा मुद्दा. करणं, करवणं आणि अनुमोदणं, हे तिन्ही आपण लहानपणापासून ऐकतो. वहिनी म्हणाली, तिथे बसणं म्हणजे अनुमोदन. मला नाही पटत. आपण पोपटीला बसतो, शेजारच्या लग्नाला बसतो, आगगाडीत समोरचा अंडं खात असतो. अनुमोदन मनात असतं. त्या वासाने तिच्या मनात काय झालं ते तिचं तिला ठाऊक, आणि तिला जर त्या ताटाचं कौतुक वाटायला लागलं तर ती स्टेकहाऊसला न जाताही बिघडेल. पण करवणं मनात नसतं, ते कागदावर दिसतं. ज्याच्या पैशाने किंवा सहीने ते ताट आलं, त्याने ते करवलं. चार मैत्रिणी हॉटेलात गेल्या, तिघींनी मांसाहार केला, आपण फक्त वाफवलेली भाजी खाल्ली आणि बिल चौघींत सारखं वाटलं, तर आपल्या पर्समधून गेलेल्या नोटांत त्या मांसाची किंमत आहे. हे साधं जमाखर्चाचं गणित आहे. इथे लाजू नका. ‘माझं वेगळं’ हे दोन शब्द पुरे. चिक्कू म्हणतील. म्हणू देत, वाण्यांना तसंही म्हणतातच.

काही जणी म्हणतील, एवढा कीस कशाला. आपल्या शास्त्रानेच तो काढला आहे. प्रतिक्रमणात वंदित्तु म्हणताना आपण पंधरा कर्मादानं म्हणतो, म्हणजे श्रावकाने न करायचे पंधरा धंदे. त्यात दंतवाणिज्य, लाखवाणिज्य, रसवाणिज्य, विषवाणिज्य, केशवाणिज्य आलं. मांस-मद्याचा व्यापार रसवाणिज्यात येतो. म्हणजे ताटात काय आहे एवढंच आपल्या पूर्वजांनी बघितलं नाही, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हेही बघितलं. आणि आता खरं बोलायचं तर, मंडळात भाचीच्या एका जेवणावर आम्ही दीड तास बोललो, पण तिच्या कारखान्यात कोणती रसायनं बनतात हे कोणी विचारलं नाही. विषवाणिज्य रोज म्हणतो तरी. कुंडलिकेच्या पाण्याबद्दल रोह्यातल्या प्रत्येक घरात कुरकुर असते.

कंपनीच्या बिलाचं काय? इथे पैसे तिचे नाहीत, पण सही तिची. पेढीवर मुनीम मालकाच्या पैशाने व्यवहार करायचा, तरी खतावणीत हात मुनीमाचा असायचा, आणि चांगला मुनीम काही नोंदी लिहायला नकार द्यायचा. माझा सल्ला तिला असा होता की साहेबांना आधीच सांग, मी येते, बोलणी मी करते, पण बिल दुसरं कोणी भरेल आणि व्हाउचर माझ्या नावाने नको. साहेब म्हणाले, एवढंच ना? आम्ही घरात दोन आठवडे ज्यावर भांडत होतो त्याला त्यांचं उत्तर दोन शब्दांचं. आणि पुढच्या वेळी यजमान आपण असू तर जागा आपण निवडायची. त्याच हॉटेलात दुसरं रेस्टॉरंट असतं, आणि रात्रीऐवजी दुपारचं जेवण ठेवलं तर चौविहाराचा प्रश्नही मिटतो.

उपासाच्या बहाण्याबद्दल भावाशी माझं अजून पटलेलं नाही. तो म्हणतो, एका वाक्याने सुटका होते. होते, पण पुढच्या जेवणाला पुन्हा उपास, आणि तिसऱ्या वेळी पाहुणे म्हणतात, ही बाई आजारी असते वाटतं. उपास ही आपल्याकडे तपश्चर्या आहे, पर्युषणात अठ्ठाई करणाऱ्या बायका आपल्या घरात आहेत. ती सबबीसारखी वापरायची? त्यापेक्षा ‘मी जैन आहे, हे हे खात नाही’ हे सोपं. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ‘जैन’ म्हटलं की पुढे काही समजवावं लागत नाही. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, भांडं आणि तवा वेगळा हवा, मांस भाजतात त्या जाळीवर माझी भाजी नको. परदेशात मात्र एकेक पदार्थ नाव घेऊन सांगावा लागतो, कारण तिथे शाकाहारी म्हटलं तरी काही जण मासळी वाढतात. आणि जेवण सूर्यास्तानंतर असेल आणि चौविहार असेल, तर घरून जेवून जायचं आणि रिकाम्या टेबलासमोर बसून व्यवहाराचं बोलायचं. त्याने कोणाचं काही अडत नाही. उलट भरलेल्या तोंडापेक्षा रिकाम्या तोंडाने भाव चांगला ठरतो, हा माझा अनुभव.

एक गोष्ट मात्र मी तिला बजावली. समोरच्याच्या ताटाकडे बघून तोंड वेडंवाकडं करायचं नाही. इथे ती म्हैस परत येते. आपल्या प्रत्येकीच्या घरी रोज दूध येतं, आमच्याकडे दोन लिटर म्हशीचं. म्हशीला दूध यायला पारडू व्हावं लागतं, आणि निम्मे पारडे नर. ते रेडे पुढे कुठे जातात? दूध आटलेली म्हैस कुठे जाते? सगळ्याच काही पांजरपोळात जात नाहीत. म्हशीचं मांस निर्यात करण्यात भारत जगात पहिल्या काही देशांत आहे, आणि हा धंदा दुधाच्या धंद्याला चिकटूनच उभा आहे. दूध म्हशीचं आणि मांस म्हशीचं, एकाच खात्याच्या दोन बाजू. मी दूध सोडलेलं नाही. परदेशातल्या आपल्या बऱ्याच तरुण मुलांनी ते सोडलंय आणि ती आपल्याला याच प्रश्नावर अडवतात. माझ्याकडे त्यांना द्यायला चांगलं उत्तर नाही. पण एवढं कळतं की दुधाचा चहा पिऊन, चामड्याची पर्स मांडीवर ठेवून समोरच्या परक्या माणसाकडे तुच्छतेने बघायचा हक्क आपल्याला नाही.

वहिनीचं एक म्हणणं मात्र मी बाजूला सारणार नाही. ती म्हणते, पहिल्यांदा वासाने मळमळतं, दहाव्यांदा काही वाटत नाही, आणि काही न वाटणं हेच धोक्याचं. यात तथ्य आहे. म्हणून महिन्याला अशी दोन जेवणं करायची नोकरी असेल तर मी वेगळा विचार करीन. वर्षातून एक-दोनदा, कामापुरतं, आणि परत आल्यावर मन तपासायचं. तेवढ्यासाठी तर प्रतिक्रमण आहे.

तुमच्या मुली-सुना अशा जेवणांना जातात का, आणि बिलाचं त्या काय करतात? परवा आमच्या मंडळातली एक सून म्हणाली की तिच्या ऑफिसात वर्गणी आधीच पगारातून कापतात आणि पार्टीत काय येणार हे कोणाला माहीत नसतं. त्यावर मला अजून तोड सुचलेली नाही. कोणाला सुचली असेल तर जरूर कळवा.